पांढरं कडं

एमआरआय मशीनच्या खोलीत जायच्या आधी मी प्रत्येक बाईला पदराची पिन काढायला लावते. ती एक काढते आणि म्हणते, "झालं." मी म्हणते, "अजून बघा." मग निऱ्यांतली निघते, ब्लाउजचं तुटलेलं हूक सांभाळणारी निघते आणि शेवटी मंगळसूत्रात अडकवून ठेवलेला चार-पाच जादा पिनांचा झुपका निघतो. तो झुपका चुंबकाजवळ गेला तर हातातून सुटून थेट बोगद्यात उडतो. मग केसांतले काटे, कानातलं, जोडवी, डोळ्यांतलं काजळ. काजळातही कधी लोखंडाचा अंश असतो आणि डोळ्यांभोवतीचं चित्र वाकडं येतं. सगळ्यात शेवटी मंगळसूत्र. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण डोकं तपासायचं तर गळ्यात धातू नको. तिथे मात्र हात थांबतो. काहीजणी बरोबर हळदीचा दोरा आणतात, तो आधी बांधतात आणि मगच मंगळसूत्र काढतात. ते मी ट्रेमध्ये ठेवत नाही. नवऱ्याच्या, नाहीतर सासूच्या हातात देते.

मी मिरजेत एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. बावीस वर्षं झाली या कामाला, त्यातली सतरा एमआरआयवर. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आजारी माणूस मिरजेला न्यायचा अशी या भागाची सवयच पडून गेली आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इकडून लोक येतात, तसे पलीकडून अथणी-विजापूरहूनही. म्हणून मला थोडं कानडी शिकावं लागलं. "अल्लाडब्याड्री" हा त्यातला माझा रोजचा शब्द. हलू नका.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. एखाद्याच्या मेंदूत गाठ आहे हे सगळ्यांत आधी बहुतेक वेळा मला दिसतं. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या आधी, पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या आधी, घरच्यांच्या आणि त्या माणसाच्याही आधी. काचेपलीकडे तो पांढऱ्या बोगद्यात निजलेला असतो, तोंडावर आमचा प्लास्टिकचा पिंजरा असतो, हातात रबरी फुगा असतो आणि इकडे माझ्या पडद्यावर एकेक काप उतरत असतो. आणि मला काहीही बोलायची परवानगी नसते.

नियम आहे म्हणून मी गप्प बसते असं नाही. पहिल्या नोकरीत असताना मी एकदा बोलले होते. चक्कर आणि कानात आवाज म्हणून आलेले एक गृहस्थ होते. साधी चित्रं मला स्वच्छ वाटली. बाहेर त्यांची बायको पदर तोंडाला लावून बसली होती, ते बघवेना म्हणून मी म्हटलं, "घाबरू नका वहिनी, काही नाहीये." डॉक्टरांनी नंतर इंजेक्शन देऊन कानाच्या नसेचा भाग बारीक कापांत परत घ्यायला लावला. नसेवर सहा मिलिमीटरची गाठ होती. कॅन्सरची नव्हे, सावकाश वाढणारी, उपचार होण्यासारखी. पण रिपोर्ट न्यायला आल्यावर त्या बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होता." त्यानंतर मी कुणालाही "काही नाही" म्हटलेलं नाही. "आहे" असंही नाही. "काय दिसलं ओ ताई?" असं विचारलं की मी विचारते, "गाडी कितीची आहे तुमची?" लोकांना तेही कळतं असं मला कधीकधी वाटतं. ते पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत असतात.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एकाच आठवड्यात मी पडद्यावर दोन पांढरी कडी पाहिली. त्या दोन्हींबद्दल लिहायचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मंगळवारी कवठेमहांकाळ तालुक्यातले एक गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायचे, वय चोपन्न. तक्रार म्हणाल तर डोकं दुखणं, तेही फारसं नाही. त्यांच्या पत्नीने सांगितलं ते वेगळंच होतं. महिनाभर गुरुजींना वस्तूंची नावं आठवत नव्हती. खडू हवा असला की म्हणायचे, "ते दे रे, पांढरं, लिहायचं." पोरं आधी हसली, मग नाव पुरवायला लागली. न्यूरोच्या डॉक्टरांनी समोर पेन धरलं, घड्याळ दाखवलं, किल्ली दाखवली. कशाचा उपयोग काय ते गुरुजींनी बरोबर सांगितलं, नाव एकाचंही आलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं होतं, डावा टेम्पोरल भाग, म्हणजे डाव्या कानालगतचा मेंदू, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

शुक्रवारी तासगावकडचा एक मुलगा आला, एकोणीस वर्षांचा. द्राक्षांची काढणी चालू होती. सकाळी क्रेट उचलताना त्याचा डावा हात झटके द्यायला लागला आणि तो वेलीखालीच पडला. फिट. आयुष्यातली पहिली. आई, मामा आणि बागेचा मालक, तिघं बरोबर आले होते. मालकाच्या अंगावर अजून फवारणीचा शर्ट होता.

दोघांच्याही डोक्यात, गॅडोलिनियमचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन दिल्यावर, पडद्यावर एकेक पांढरं कडं उमटलं. मध्ये काळं, भोवती पांढरी गोल रेघ.

हे कडं म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण मशीन आतला फोटो काढतं असाच बहुतेकांचा समज असतो. तसं ते नाही. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यात हायड्रोजन. त्या प्रत्येक हायड्रोजनचा गाभा म्हणजे एक चिमुकलं चुंबक. आमच्या मशीनचं चुंबक दीड टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. ते रात्रंदिवस चालूच असतं, उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं. स्कॅन संपला म्हणजे चुंबक बंद झालं असं समजून लोक आत शिरायला बघतात, त्याची मला फार धास्ती असते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा त्यात जीव गेला. तेव्हापासून आमच्याकडे दारात खुर्ची टाकून माणूस बसतो.

तर त्या मोठ्या चुंबकात हे हायड्रोजन एका ठरावीक सुरात गिरक्या घेतात. दीड टेस्लाला तो सूर सुमारे ६४ मेगाहर्ट्झचा, एफएम रेडिओच्या जरा खालचा. त्याच सुराची रेडिओलहर आत सोडली तरच ते तिला दाद देतात. मिरजेत राहून मला हे समजायला जड गेलं नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत कुठल्याही दुकानात उभं राहा. वरची तार छेडली की खालच्या तरफांपैकी त्याच सुराची तार आपोआप गुणगुणते, बाकीच्या गप्प. लहर थांबवली की हायड्रोजन हळूहळू शांत होतात आणि शांत होताना त्यांचा मंद आवाज आमची कॉइल टिपते. तोंडावरचा तो पिंजरा त्याचसाठी. मोकळं पाणी सावकाश शांत होतं, चरबीतलं हायड्रोजन झटकन, सुजलेल्या भागातलं वेगळ्या चालीने. चित्र तयार होतं ते या फरकांचं. आत जो ठोकल्यासारखा खडखडाट ऐकू येतो तो मात्र वेगळ्या कॉइलींचा. त्यांच्यातली वीज सेकंदाला कित्येकदा उलटसुलट होते आणि त्या जागच्या जागी हिसके खातात.

आणि इंजेक्शनने पांढरं होतं ते काय? मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक कुंपण असतं. रक्तातलं वाटेल ते मेंदूत झिरपू नये म्हणून पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. गॅडोलिनियम हातातून टोचलं की अंगभर फिरतं, पण धडधाकट मेंदूत ते रक्तवाहिनीबाहेर पडत नाही. कुंपण मोडलं असेल तिथेच झिरपतं आणि आजूबाजूच्या पाण्याला लवकर शांत करतं. म्हणून ती जागा उजळते. म्हणजे पांढरं दिसतं ती गाठ नव्हे. कुंपण कुठे पडलंय तेवढंच ते सांगतं. कुणी पाडलं, ते सांगत नाही. गाठीने पाडलं, क्षयाने, पुवाने, की एखाद्या अळीने? सगळ्यांचं कडं पांढरंच.

त्या आठवड्यात माझ्या मनात हेच घोळत होतं. पण वर्षानुवर्षं पाहून डोळा थोडा बसतो. गुरुजींचं कडं जाड होतं, कडेला फाटक्या गोधडीसारखं. मधला भाग मेलेला, बाहेर सूज पार लांबवर पसरलेली, मेंदूच्या दोन अर्धांमधली रेघ उजवीकडे ढकललेली. मुलाचं कडं उजवीकडे, मेंदूच्या पृष्ठभागालगत. अकरा मिलिमीटरचं, पातळ, कंपासने काढल्यासारखं गुळगुळीत. मी कापांची जाडी कमी करून तो भाग पुन्हा घेतला. तेव्हा कड्याच्या आत, मधोमध नाही, एका कडेला चिकटून, मोहरीएवढा ठिपका दिसला.

तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा माझा आवाज जरा मोठा झाला असावा, कारण शेजारची मुलगी वळून बघायला लागली. एरवी फोनवर मी फक्त "सर, कॉन्ट्रास्ट लागेल" एवढंच हळू आवाजात म्हणते.

पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यातून निघालेली अळी रक्तातून मेंदूत जाऊन बसते. पुढे ती मरायला लागते, भोवती सूज येते आणि फिट येते. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर मुलाची आई एकदम ताठ झाली. "आमी माळकरी हाय. घरात मटान शिजत न्हाई, अन् पोटात किडा कुठनं आला?" तिचा राग बरोबर होता, कारण हा रोग डुकराचं मांस खाणाऱ्यांचा अशी सगळीकडे समजूत आहे. डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं. मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो, पण मेंदूत जाते ती अळी अंड्यातून आलेली असते. अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात, मातीत आणि पाण्यात मिसळतात आणि न धुतलेल्या कोथिंबिरीतून, गाजरातून, कुणाच्या हातांतून कुणाच्याही ताटात येतात. माळकऱ्याच्याही. ती ऐकत राहिली आणि शेवटी एकच म्हणाली, "म्हंजे गाठ न्हाई न्हवं?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नेहमीच इतकं सरळ नव्हतं. १९८० च्या दशकात भारतात सीटी स्कॅन पसरायला लागला, तशी फिट आलेल्या तरुण मुलांच्या डोक्यात अशी लहान कडी जागोजागी दिसू लागली. आपल्याकडे क्षय घरोघरी, तेव्हा हा क्षयच असणार असं धरून पुष्कळांना महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली गेली. कडं नाहीसं व्हायचं आणि औषध लागू पडलं असं वाटायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या न्यूरोसर्जन मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशी काही कडी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आत क्षय नव्हता, अळी होती. मग कुठल्या कड्याला हात लावायचा नाही याचे निकष त्यांनी घालून दिले. कडं एकच असावं, २० मिलिमीटरपेक्षा मोठं नसावं, मधली रेघ सरकलेली नसावी, अंगात दुसरीकडे क्षयाची खूण नसावी, दुखणं दिवसेंदिवस वाढत नसावं. असं असेल तर कवटी उघडायची घाई नको, फिटची औषधं द्या आणि थोड्या महिन्यांनी पुन्हा बघा. किती पोरांची डोकी त्यामुळे न उघडता राहिली असतील. मला या संशोधनाचं फार अप्रूप वाटतं. इथली माणसं, इथले रोग, आणि चित्रावर विसंबून न राहता आत काय आहे ते बघायची चिकाटी.

गुरुजींच्या कड्याला हे निकष लागू नव्हतेच. डॉक्टरांनी स्पेक्ट्रोस्कोपी सांगितली. त्यात चित्र येत नाही, आलेख येतो. मेंदूतल्या एका चौकोनात कुठली रसायनं किती आहेत त्याचे सुळके. धडधाकट मेंदूत एनएए नावाचा सुळका सगळ्यांत उंच, तो चेतापेशी जाग्यावर असल्याची खूण. कोलीन त्याच्याहून ठेंगणं. पेशी भराभर वाढू लागल्या, नवी आवरणं घडायला लागली की कोलीन चढतं. गुरुजींच्या आलेखात कोलीन वर गेलं होतं आणि एनएए जमिनीला लागलं होतं. मी तो आलेख सेव्ह केला आणि आत जाऊन त्यांच्या तोंडावरचा पिंजरा उचलला. ते म्हणाले, "बाई, तुमचं हे... हे फार वाजतं हो." मशीन हा शब्द त्यांना सापडला नाही.

ते गेल्यावर मी ती चिठ्ठी पुन्हा पाहिली. डावा टेम्पोरल भाग, प्रश्नचिन्ह. मशीनच्या आधी एका माणसाने पेन, घड्याळ आणि किल्ली दाखवून जागा ओळखली होती. एकेकाळी एवढंच हातात होतं. २५ नोव्हेंबर १८८४ ला लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतली गाठ काढली. क्ष-किरणांचा शोध लागायलाच अजून अकरा वर्षं होती. कवटी कुठे उघडायची ते ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी केवळ लक्षणांवरून सांगितलं. डावा चेहरा आणि डावा हात झटके देतो, तेव्हा गाठ उजवीकडे, त्या अवयवांच्या जागी. उघडलं तर गाठ तिथेच होती. तो शेतकरी महिन्याभरात जंतुसंसर्गाने गेला. पण जागा चुकली नव्हती. वेलीखाली डावा हात झटकत पडलेला आमचा मुलगा आणि तो शेतकरी, दोघांच्या लक्षणांत फारसं अंतर नाही. अंतर आहे ते आपल्याला आत बघता येतं एवढंच.

हे आत बघणं फार महागात पडत आलं आहे, तेही रुग्णालाच. १९१८ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये हवा भरून एक्स-रे काढायला सुरुवात केली. क्ष-किरणात मेंदू नुसता धुरकट दिसतो, हवा मात्र काळी उठून दिसते. पोकळीचा आकार दबलेला दिसला की गाठ त्या बाजूला. पुढे कमरेतून पाणी काढून हवा सोडायचे. माणसं दिवसच्या दिवस डोकं धरून ओकायची. १९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचं चित्र घेतलं. तिथेही गाठ दिसायची नाही, तिने बाजूला सारलेल्या वाहिन्या दिसायच्या. पूर आल्यावर पाणी कुठवर आलं होतं हे वाकलेल्या उसावरून ओळखावं तसं.

गाठ स्वतः दिसली ती १ ऑक्टोबर १९७१ ला, लंडनजवळ विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते. शेतावर वाढलेले इंजिनिअर, ईएमआय कंपनीत नोकरीला. डोक्याभोवती अंशाअंशाने फिरत १८० ठिकाणांहून प्रत्येकी १६० नोंदी घ्यायच्या, म्हणजे एका कापाला २८,८०० आकडे, आणि त्यावरून आत कुठे किती घट्ट आहे ते गणिताने काढायचं, ही त्यांची कल्पना. माणसाच्या आधी त्यांनी कसायाकडून बैलांचे मेंदू आणून त्यांच्यावर प्रयोग केले. पहिली रुग्ण एक बाई होत्या, मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय होता. चित्र होतं अवघं ८० बाय ८० चौकोनांचं. आज मोबाइलमधलं सगळ्यांत वाईट चित्रही त्याच्याहून बरं असेल. पण त्या चौकोनांत एक काळसर गोल होता, आणि सर्जनने उघडलं तेव्हा तो तिथेच सापडला. त्या बाईंचं डोकं नुसतं धरून ठेवलं होतं. हवा नाही, सुई नाही, ओकारी नाही. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं. चित्र पहिल्यांदा पडद्यावर उतरलं तेव्हा ते बघणारे त्या बाईंशी काय बोलले असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. शेवटच्या वर्षाला तिने प्रोजेक्ट घेतलं, एमआरआयवरून ब्रेन ट्यूमर ओळखणारा प्रोग्रॅम. दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, "मावशी, ९८ टक्के बरोबर येतंय." मला खरंच आनंद झाला. मी तिला डेटा दाखवायला सांगितला. संशोधकांनी चीनमधल्या रुग्णालयांतून गोळा करून सगळ्यांसाठी खुला केलेला तो प्रसिद्ध संच होता, ३,०६४ चित्रांचा. त्यात मेनिन्जिओमा ७०८, ग्लायोमा १,४२६, पिट्युटरीच्या गाठी ९३०. आणि माणसं किती? तिने पाहिलं. २३३. म्हणजे एकेका माणसाचे दहा-पंधरा काप. मी विचारलं, शिकवायला आणि परीक्षेला कापांची वाटणी केलीस की माणसांची? ती गप्प झाली. एकाच माणसाचा सातवा काप शिकवायला आणि आठवा परीक्षेला गेला असेल तर परीक्षा कसली? पेपर आधीच फुटलेला. ती हुशार आहे, त्याच रात्री बसून तिने माणसांनुसार वाटणी केली. टक्के उतरले. तिला वाईट वाटलं. मला तिचा त्या रात्री अभिमान वाटला.

पण खरी गोष्ट मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितली. तुझ्या प्रोग्रॅमला तीनच उत्तरं माहीत आहेत, आणि तिन्ही गाठीच. तासगावच्या त्या पोराचं कडं त्याला दाखवलं तर तो काय म्हणेल? त्याच्या दुनियेत अळी नाही, क्षय नाही, पू नाही, "काही नाही" सुद्धा नाही. तो तिघींपैकी एक निवडणार. २०१२ पासून ब्रॅट्स नावाची जागतिक स्पर्धा चालते. तिच्यात तज्ज्ञांनी एकेका गाठीची उजळ कडा, मेलेला मधला भाग आणि भोवतीची सूज हाताने रेखून दिलेली असते. ते काम फार मोलाचं आहे. गाठ किती वाढली ते मिलिमीटरमध्ये मोजायला, किरणोपचाराची हद्द आखायला अशा प्रोग्रॅमांचा मोठा हातभार लागेल असं मला मनापासून वाटतं, कारण रात्री नऊला चाळिसावा स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरांचे डोळे मी पाहिले आहेत. पण तिथेही सुरुवात होते ती गाठ आहे हे ठरल्यावर. आमच्या दारात माणूस येतो तो त्याच्या आधीचा.

गुरुजींची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. आधी तिथे त्यांचा फंक्शनल एमआरआय केला. बोगद्यात पडल्या पडल्या छत्री, कात्री, कप अशी चित्रं दाखवतात आणि नावं मनात म्हणायला सांगतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं आणि चित्रात ती जागा उमटते. गाठीला चिकटून शब्द कुठे राहतात ते सर्जनला आधी कळतं. शस्त्रक्रियेतही त्यांना मध्ये जागं ठेवून तीच चित्रं दाखवत होते. गुरुजी मला हे सांगताना रंगून गेले होते. "छत्री आली बाई मला, छत्री आली. कात्री नाही आली, तर ते म्हणाले राहू दे, आम्ही इथे थांबतो."

रिपोर्ट ग्लायोब्लास्टोमाचा होता, मेंदूच्या फार वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरचा. कड्याबाहेर जो मेंदू चित्रात निरोगी दिसतो, त्यातही या गाठीच्या पेशी विखुरलेल्या असतात. डँडींनी १९२० च्या दशकात अशा काही रुग्णांचा मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून पाहिला, तरी रोग परत आला. कुंपण जिथे पडलं तेवढंच पांढरं. पेशी तिथून कधीच पुढे गेलेल्या असतात, कुंपण न मोडता.

किरणोपचारानंतरचा पहिला स्कॅन आमच्याकडे झाला. कडं मोठं झालं होतं. मी काचेमागे बसून हात मांडीखाली घेतले, कारण ते थरथरत होते. पण डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये गाठ वाढली असं लिहिलं नाही. किरणांनीही कुंपण मोडतं, सूज येते, आणि पहिल्या तीन महिन्यांत ती हुबेहूब गाठ वाढल्यासारखी दिसते. वाट बघून पुन्हा स्कॅन करा, असं त्यांनी लिहिलं. पुढच्या स्कॅनला कडं आक्रसलं होतं. त्या दिवशी गुरुजी शाळेत परत जायच्या गोष्टी करत होते. फळ्यावर नको, वाचनालय सांभाळतो म्हणाले. आणखी दोन स्कॅन बरे आले. मग जे वाढलं ते खरंच वाढलं. पहिल्या स्कॅनपासून शेवटच्यापर्यंत सोळा महिने झाले.

मुलगा सहा महिन्यांनी आला होता. कड्याच्या जागी सीटीत तांदळाच्या कणीएवढा कॅल्शियमचा पांढरा ठिपका राहिला होता. गोळ्या अजून चालू होत्या, पण फिट परत आली नव्हती. आईने पेटीभर बेदाणे आणले होते. मालकाने दिले म्हणाली.

गेल्या पावसाळ्यात गुरुजींच्या पत्नी आल्या. बरोबर मुलगी होती, कॉलेजात असेल. हातात आमच्याच सेंटरची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळ्या फिल्मा. आमच्याकडे लोक फिल्मा कपाटावर नाहीतर गादीखाली ठेवतात, टाकवत नाहीत. मला वाटलं परत करायला आणल्या. त्या म्हणाल्या, "हिने बघितलंच नाही तेव्हा. होस्टेलला होती. हिला एकदा दाखवा, कुठं होतं ते."

मी तारखा बघून पहिली फिल्म काढली आणि व्ह्यू बॉक्सला लावली. दिवा लावला. वीस छोटी चौकटं. त्यातल्या तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. आता मला बोलायला कुणाची परवानगी नको होती, तरी शब्द जुळवायला वेळ लागला. हे पांढरं, म्हटलं. हे मधलं काळं. ही सूज. आणि इथे, याच्या अगदी मागे, नावं असतात वस्तूंची.

मुलगी चित्रात बघत बघत स्वतःच्या उजव्या कानावर हात नेऊन चाचपत होती, कारण फिल्मवर ते उजवीकडे दिसत होतं.

"तिकडे नाही गं," मी म्हटलं. "आपण पायाकडे उभं राहून बघतो ना, म्हणून उलटं दिसतं. डावीकडे."

तिने हात काढला आणि डाव्या कानाच्या वर ठेवला.

"एवढंसंच?" आई म्हणाली. मग तिने फिल्म माझ्याकडून घेतली, बाकीच्यांच्यात तारखेप्रमाणे लावली आणि बाहेर पाऊस होता म्हणून पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं. त्यांची कवठ्याची गाडी साडेचारची होती.